अंगावरची बाकी

अकूताईला कोणी मारलं, याचं उत्तर मुंबईच्या हायकोर्टाने १९१७ सालीच देऊन टाकलं. डंकन रोडवरच्या एका कुंटणखान्यात ती धंद्याला होती. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत तिने तिथून पळायचा प्रयत्न केला, सापडली, परत आणली गेली, आणि मग तिला जे मारलं, जे चटके दिले, त्यात तिचा जीव गेला. आरोपी तिघं होते. घर चालवणारा मिर्झा, आणि त्याच्या जोडीला दोन बायका, गंगाबाई आणि गोमतीबाई. तिघंही दोषी ठरले. खटल्याच्या बातम्या इंग्रजी वर्तमानपत्रांनी सविस्तर छापल्या. मुंबईचे माजी पोलीस कमिशनर एडवर्ड्स यांनी १९२४ साली हिंदुस्थानातल्या गुन्हेगारीवर पुस्तक काढलं, त्यात हे प्रकरण घेतलं. अलीकडे अश्विनी तांबे यांनी मुंबईतल्या वेश्याव्यवसायाच्या कायद्यांचा इतिहास लिहिला, त्यातही अकूताई भेटते.

तिच्याबरोबर त्याच घरात डांबलेल्या बायकांनी कोर्टात साक्ष दिली. माझ्या दृष्टीने या खटल्यातली सगळ्यात धाडसाची गोष्ट ती. रोज ज्यांच्या हातचं खायचं आणि ज्यांच्या हातचा मार खायचा, त्यांच्यासमोर उभं राहून बोलायचं. त्यांच्या साक्षीमुळेच आपल्याला आतलं घर दिसतं: कोण पुढच्या दाराशी बसायचं, कोण मागचं दार लावायचं, हुकूम कोणाचा आणि हात कोणाचा.

मिर्झाचा मला फारसा विचार करावा लागत नाही. असा माणूस कुठल्याही गावात, कुठल्याही काळात सापडतो. मी अडते ती गंगाबाईशी. ज्या घरात बाईच्या अंगावर पैसा मिळतो, त्याच घरात राहणारी ही बाई. तिने दुसऱ्या बाईवर हात कसा उचलला? हा प्रश्न त्या वेळीही लोकांनी विचारला आणि बायकाच बायकांच्या वैरी असतात असं ठेवणीतलं उत्तर देऊन घरी गेले. हे उत्तर मला कधीच पटलं नाही, कारण गंगाबाईचं काम करणारा माणूस मी लहानपणापासून जवळून पाहिला होता. ते माझे वडील.

मी सापगावची. शहापूरहून मुरबाडला जाताना भातसा ओलांडली की आमचं गाव. घरची भातशेती थोडी, ती दिवाळीपर्यंत आटपायची. मग वडील मुकादमी करायचे. कल्याण-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांना माणसं पुरवायची. दसरा झाला की ते आजूबाजूच्या कातकरी वाड्यांवर फिरायचे, उचल द्यायचे. पावसाळ्यात घरात दाणा राहिलेला नसे, त्यामुळे उचल नको म्हणणारा क्वचितच. दिवाळी उलटली की अख्खं कुटुंब, म्हातारीपासून अंगावरच्या पोरापर्यंत, भट्टीवर. आठवड्याला खर्ची मिळायची, बाजारापुरती. पाऊस तोंडावर आला की हिशेब. हिशेबात बहुतेकांची बाकी निघायची, ती पुढच्या वर्षावर.

वही आईकडे असे. पाचवीपासून माझं अक्षर बरं म्हणून ती माझ्याकडे आली. लाल कापडी पुठ्ठ्याची वही होती. एका ओळीत माणसाचं नाव, वाडी, उचल, मग दर आठवड्याची खर्ची, शेवटी बाकी, आणि त्यापुढे अंगठा. एका हंगामात एक जोडपं पोरासकट भट्टीवरून पळालं. वडील रात्री दोन माणसं घेऊन गेले आणि पहाटे त्या कुटुंबाला घेऊन आले. पोरगं माझ्याच वयाचं, त्याच्या पाठीवर निरगुडीच्या फोकाचे वळ उठले होते. नंतर त्याला ताप भरला, डॉक्टरकडे नेलं. संध्याकाळी वडिलांनी मला वही काढायला सांगितली आणि त्या पोराच्या बापाच्या ओळीत लिहायला लावलं: दवा, अकरा रुपये. मी लिहिलं.

माझे वडील क्रूर नव्हते, असं मी म्हणणार नाही. त्या पोराच्या लेखी ते क्रूरच होते. पण हेही मला ठाऊक होतं की वाटलेली उचल त्यांची स्वतःची नसे. ती शेठची. जोडपं पळालं की तेवढा आकडा शेठच्या वहीत वडिलांच्या नावावर पडायचा. वडील स्वतः तरुणपणी त्याच भट्ट्यांवर विटा थापत होते. मुकादमी ही त्यांची बढती होती. मार खाणाऱ्यांतून मार देणाऱ्यांत जायची ती एकच वाट होती आणि त्यांनी ती धरली.

कामाठीपुऱ्यातल्या धंद्याची उतरंड ज्यांनी जवळून पाहिली, त्यांनी ती साधारण अशीच सांगितली आहे. विकत आणलेली मुलगी ती छुकरी. तिच्यासाठी दलालाला मोजलेली रक्कम तिच्याच नावावर चढते आणि ती फिटेपर्यंत तिच्या हातात पैसा येत नाही. वर साडी, पावडर, डॉक्टर, सणाचा खर्च सगळं तिच्याच खात्यावर. फिटलं की ती अधियावर येते, म्हणजे कमाईतलं अर्धं तिचं, अर्धं घरवालीचं. पुढे काहीजणी नुसती खाट भाड्याने घेऊन धंदा करतात. वय पस्तिशीकडे झुकलं, गिऱ्हाईक कमी झालं की दोन वाटा. एक म्हणजे दुसऱ्यांची धुणीभांडी, स्वयंपाक, किंवा देवळाबाहेरची रांग. दुसरी म्हणजे साठवलेल्या पैशातून किंवा व्याजाने उचलून एखादी मुलगी आणायची आणि घरवाली व्हायचं. गावी परत जायची तिसरी वाट बोलायला असते. भाऊ मनिऑर्डर घेतात, बहिणीला घेत नाहीत.

तेव्हा घरवाली ही त्या धंद्यातली म्हातारपणाची पेन्शन आहे, आणि ती पेन्शन दुसऱ्या मुलीच्या अंगातून वसूल होते. पळून जाणारी मुलगी म्हणजे बुडालेली ठेव. त्यात गल्लीतल्या दहा जणी पाहत असतात. एक पळाली आणि पचली तर उद्या सगळ्या पळतील. म्हणून मार नुसता रागाचा नसतो, तो बाकीच्यांना दाखवण्यासाठीही असतो. वडील त्या जोडप्याला पहाटे घेऊन आले तेव्हा भट्टीवरचे सगळे उठून बाहेर आले होते, आणि वडिलांना ते हवंच होतं.

हे दुखणं इंग्रजांनी आणलं असंही नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात गणिकांवर देखरेख ठेवणारा स्वतंत्र अध्यक्ष आहे. गणिकेने कोणाला शिवीगाळ केली तर २४ पण दंड, मारहाण केली तर ४८ पण. तिने पुरुषाचा जीव घेतला तर मरणाची शिक्षा. म्हणजे ती हात उचलू शकते हे राज्याने तेव्हाच गृहीत धरलं होतं आणि त्याचा दरही ठरवून ठेवला होता. त्याच प्रकरणात आणखी एक आकडा आहे: गणिकेला स्वतःची सुटका विकत घ्यायची असेल तर २४,००० पण. मारण्याची किंमत ४८ आणि सुटण्याची २४,०००. हिशेब तिथेच समजतो. पेशवाईत बदकर्माचा ठपका आलेल्या बायका सरकारजमा होत, बटकी-कुणबिणी म्हणून कोठ्यांवर, किल्ल्यांवर दळण-कांडणाला लावल्या जात, विकल्याही जात. १८४३ च्या कायद्याने कोर्टाच्या लेखी गुलाम उरले नाहीत. १८६० च्या दंडविधानात कलम ३७२ आणि ३७३ आली, अल्पवयीन मुलगी धंद्यासाठी विकणं आणि विकत घेणं हे दोन्ही गुन्हे ठरले. डंकन रोडचं घर त्यानंतर अर्धशतक उलटून गेल्यावरही चालूच होतं.

ते चालायला मुंबई कारण होती. १८५४ मध्ये पहिल्या कापड गिरणीची जुळवाजुळव झाली. आमच्या बाजूने रेल्वे १८५५ मध्ये वासिंदपर्यंत आणि १८६१ मध्ये कसाऱ्यापर्यंत आली, पुढे घाट चढून नाशिक-खानदेशात गेली. त्या रुळांवरून गिरणीला, गोदीला माणसं गेली. बहुतेक पुरुष, एकटे. १९२१ च्या शिरगणतीत मुंबईत हजार पुरुषांमागे बायका जेमतेम सव्वापाचशे होत्या. दुसऱ्या बाजूला १८७६ ते ७८ चा दुष्काळ, १८९६ चा प्लेग आणि दुष्काळ, १९०० च्या आसपासचा छप्पन्नाचा दुष्काळ. गिरणीत बाईला काम होतं पण थोडं, आणि तेही ओळखीपाळखीने. विधवा, टाकलेली, देवाला सोडलेली, सासरहून पळालेली अशी बाई बोरीबंदरला उतरली तर तिला खोली आणि जेवण देणारं पहिलं माणूस कोण भेटे, हे सांगायला नको. फॉकलंड रोड, फोरास रोड, सुक्लाजी स्ट्रीट, डंकन रोड या गल्ल्या अशा भरल्या. (फॉकलंड रोडला पुढे शाहीर पठ्ठे बापूरावांचं नाव दिलं गेलं. नाव देणाऱ्यांना त्यातला विनोद कळला की नाही कोण जाणे. तमाशातल्या बाईला लोक एरवीही या बायकांच्याच रांगेत बसवतात. आमच्याकडे म्हशाच्या जत्रेत तंबूबाहेर उभं राहिलं तरी ते कानावर पडतं.)

सरकारला या बायकांची आठवण झाली ती आधी रोगापायी. १८६८ चा सांसर्गिक रोगांचा कायदा मुंबईत १८७० मध्ये लागू झाला, दोन वर्षांत गुंडाळला, १८८० मध्ये पुन्हा आणला आणि १८८८ मध्ये रद्द झाला. बाईने नाव नोंदवायचं, ठरल्या दिवशी तपासणीला यायचं. गोऱ्या शिपायाला रोग लागू नये हा हेतू. बाईवरचं कर्ज किंवा दाराला बाहेरून लागलेलं कुलूप तपासायची तरतूद त्यात नव्हती. तपासणी आत जाऊन करता येते, मग कुलूप दिसलं नसेल असं कसं म्हणावं?

अकूताई मेली तेव्हा मुंबईत आरडाओरडा झाला. १९२१ मध्ये वेश्याव्यवसायाच्या चौकशीसाठी समिती नेमली गेली आणि १९२३ मध्ये मुंबई इलाख्याचा वेश्याव्यवसाय प्रतिबंधक कायदा झाला. पुढे १९२६ आणि १९३० साली त्यात दुरुस्त्या झाल्या. कायदा झाला हे चांगलंच. पण रस्त्यावर उभी राहून गिऱ्हाईक बोलावणारी बाई सापडायला सगळ्यात सोपी. दलालाला पुरावा लागतो, घरमालक दूर राहतो, पैसे व्याजाने देणारा तर चित्रातच नसतो. ज्या दंडाने धंदा थांबायचा, तो दंड घरवाली भरते आणि मुलीच्या खात्यावर टाकते. दवा, अकरा रुपये.

आता हाच काळ जरा आमच्या ठाणे जिल्ह्यात पाहा. इथे लग्नगडी नावाची पद्धत होती. वारली, कातकरी पोराच्या लग्नाला सावकाराने पैसे द्यायचे, आणि ते फिटेपर्यंत, म्हणजे बहुधा जन्मभर, नवराबायकोने त्याच्याकडे राबायचं. त्यातल्या बायकोवर सावकाराचा काय काय हक्क चाले, ते गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ मध्ये लिहून ठेवलं आहे. सिमिंग्टन या अधिकाऱ्याने १९३८-३९ च्या सुमारास सरकारला अहवाल दिला होता, त्यातही वेठ आहे. ७ जानेवारी १९४५ ला टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली, उंबरगाव तालुक्यातले मोजके वारली तिथे आले आणि परत जाऊन त्यांनी वेठ बंद केली. वेठबिगारीविरुद्धचा देशाचा कायदा यायला मात्र १९७६ उजाडलं. त्या कायद्यातलं एक वाक्य मला फार मोलाचं वाटतं: वेठीचं कर्ज संपलं, ते फेडायची जबाबदारी उरली नाही. कोणी किती मारलं हा पुढचा प्रश्न. आधी वहीवर काट.

आश्चर्य म्हणजे धंद्याच्या कायद्यातही अशी काट मारलेली आहे. १९५६ चा अनैतिक व्यापाराचा कायदा, जो १९८६ मध्ये दुरुस्त होऊन आजचा पिटा झाला, त्याचं सहावं कलम सांगतं की बाईचे दागिने, कपडे, पैसे अडकवून ठेवले किंवा उसने दिलेले दागिने-कपडे घेऊन गेलीस तर कोर्टात खेचू अशी भीती घातली, तर तिला डांबून ठेवलं आहे असं समजावं. आणि उसने दिले म्हणून सांगितलेल्या त्या दागिन्या-कपड्यांच्या वसुलीसाठी तिच्यावर दावाच चालणार नाही. मी शहापूरला एका वकिलांकडे टायपिस्ट होते. पिटाची कागदपत्रं पुष्कळ टाइप केली. तीन, चार, पाच, सात, आठ ही कलमं बोटांना पाठ झाली. सहावं माझ्या यंत्राखाली आल्याचं मला स्मरत नाही.

त्या ऑफिसात एक बाई आली होती. भिवंडीकडची, वयाने पन्नाशीच्या आसपास, मूळची जत तालुक्यातली. लहानपणीच यल्लम्माला सोडलेली. पिटाशिवाय तिच्यावर ३२४ आणि ३४२ लागलं होतं, म्हणजे हत्याराने दुखापत आणि डांबून ठेवणं. पळालेल्या मुलीला धरून आणून तिने उलथन्याने डागलं होतं. वकीलसाहेब कोर्टात होते, म्हणून ती माझ्या टेबलापाशी पंख्याखाली बसली. काचेच्या बांगड्या, पदर डोक्यावरून, गावच्या लग्नाला आलेली एखादी मावशी वाटावी. पिशवीतून तिने प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली वही काढली आणि माझ्यासमोर ठेवली.

“हे बघा ताई, सगळं लिवलंय. तिच्या अंगावर माझं अजून बत्तीस हजार हाय.”

मी काही बोलले नाही. ती बोलत राहिली. “मला आणली तवा मी चौदाची. पाच वर्सं हातात रुपाया न्हाई. मंग आदियावर आले. मंग आक्का म्हातारी झाली, खोली माझ्याकडं आली, तिचं देणं बी माझ्याकडंच आलं. भाडं मी द्यायचं, हप्ता मी द्यायचा, येज मी भरायचं. आन ही पळाली तर कुणी भरायचं?”

“पण डागलंत कशाला?” मी विचारलं.

तिने दंडावरचा पदर बाजूला सारला. जुना, पांढरा पडलेला डाग होता. “मला बी डागलंच की,” ती म्हणाली, जणू मी बसचं तिकीट किती असं विचारलं होतं.

मला तिची दया आली का? थोडी आली. पण माझ्या डोळ्यांपुढे ती दुसरी मुलगी होती, जिचा हात त्या वेळी सुधारगृहात बरा होत असेल. कारण समजलं म्हणून चटका कमी भाजत नाही. एवढंच की, तो डाग आणि ती वही दोन्ही पुराव्यात यायला हवी होती. वकीलसाहेब आले, त्यांनी मला अर्ज सांगितला: आरोपी निर्दोष असून तिला खोट्या केसमध्ये गोवण्यात आलं आहे. मी तो टाइप केला. वही पिशवीत परत गेली. फिर्यादीच्या बाजूनेही त्या वहीबद्दल कधी प्रश्न आला नाही. पन्नास वर्षांनी कोणी हा खटला काढून वाचला तर त्याला एक दुष्ट बाई आणि एक बिचारी मुलगी एवढंच दिसेल, आणि दोघींत वीस-तीस वर्षांचं अंतर सोडून दुसरा फारसा फरक नव्हता हे कळायला मार्ग राहणार नाही.

कायद्याची गंमत अशी की मुलगी अठराच्या आत असेल तर ती पीडित, तिला सोडवायचं. तीच पस्तिशीला घरवाली म्हणून पकडली की आरोपी. मधली सगळी वर्षं ती कोण असते?

बाबासाहेबांनी १६ जून १९३६ ला परळच्या दामोदर हॉलमध्ये कामाठीपुऱ्यातल्या बायकांसमोर भाषण केलं. मुरळ्या, जोगतिणी, देवदासी जमल्या होत्या. हे लाजिरवाणं जिणं सोडा, असं त्यांनी निक्षून सांगितलं. पोटाचं काय, या प्रश्नाचं उत्तर मी देणार नाही, वाटा शेकडो आहेत, असा त्यांचा रोख होता. ते कठोर वाटतं. पण देवाच्या नावाने मुली सोडण्याची प्रथा ज्या जातींच्या माथी मारली होती, त्यांच्यातलाच एक माणूस आपल्या बहिणींना घराबाहेर काढायला दार वाजवत होता, हे लक्षात घेतलं की त्या कठोरपणाचा अर्थ लागतो. तरी मला वाटतं, त्या सभेत मागच्या ओळीत काही घरवाल्याही बसल्या असतील, आणि त्यांच्यासाठी त्या शेकडो वाटांपैकी एकही उघडी नसेल. देवदासी बनवण्यावर मुंबई सरकारने १९३४ मध्येच बंदी आणली होती. माझ्यासमोर बसलेली बाई त्यानंतर कितीतरी वर्षांनी जन्मली.

या बायकांचा सगळाच हिंसाचार असा खालच्या अंगाला वाहणारा नसतो. वरच्या दिशेने फेकलेला दगडही असतो. गिऱ्हाइकाने दारू पिऊन मारहाण केली तर गल्लीतल्या बायका मिळून त्याला चोपतात. पोलिसात जाऊन उपयोग नसतो, कारण तिथे आधी त्यांचीच चौकशी होते. १९९९ मध्ये कोलकात्यात एका गिऱ्हाइकाने धंद्यातल्या एका बाईचा खून केला. त्याची शिक्षा सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये कायम केली, आणि त्याच प्रकरणातून पुढे १९ मे २०२२ चा आदेश आला: या बायकांनाही कायद्याचं सारखंच संरक्षण आहे, त्यांच्या तक्रारी पोलिसांनी इतरांसारख्याच घ्याव्यात. एवढं सांगायला तेवीस वर्षं लागली. त्या काळात बायका हातात चप्पल घेऊन उभ्या राहिल्या तर त्याला गुंडगिरी म्हणणं मला जमत नाही. २०२१ च्या ऑगस्टमध्ये नागपूरच्या गंगाजमुना वस्तीला बॅरिकेड लावून धंदा बंद पाडला गेला, तेव्हाही बायका रस्त्यावर आल्या. त्या वस्तीत मुली विकल्या जात असतील तर पोलिसांनी जायलाच हवं. पण बॅरिकेड मुलगी आणणाऱ्याला अडवत नाही, रोजच्या भाकरीला अडवतं.

या इतिहासात मला सगळ्यात नवं काही दिसलं ते सांगलीला. १९९२ मध्ये मीना शेषू यांच्या संग्राम संस्थेचं काम तिथे सुरू झालं, एड्सची साथ होती तेव्हा. निरोध वाटता वाटता धंदा करणाऱ्या बायकांनी १९९६ मध्ये स्वतःची संघटना काढली, वेश्या अन्याय मुक्ती परिषद. लोक तिला वॅम्प म्हणतात. २००५ च्या मे महिन्यात सांगलीच्या गोकुळनगरमध्ये एका अमेरिकन संस्थेने पोलिसांना घेऊन धाड घातली, त्यावरून मोठं वादळ झालं. पण मला महत्त्वाची वाटते ती दुसरीच गोष्ट. या बायकांनी आपल्या वस्त्यांत तंटामुक्ती समित्या केल्या. घरवालीने मारलं, पैसे दिले नाहीत, यार त्रास देतो, कोणी कोवळी मुलगी आणली, असे तंटे समितीपुढे येतात. मुलगी लहान असेल तर तिला धंद्याला बसू द्यायचं नाही, हे त्यांनी स्वतःच ठरवलं.

टीकाकार म्हणतात, या संघटनेत घरवाल्याही आहेत. चोराच्या हातात किल्ली दिल्यासारखं हे. आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मी मुकादमाची मुलगी आहे, मुकादम समितीत बसला तर तो कोणाच्या बाजूने बोलेल ते मला माहीत आहे. पण हेही माहीत आहे की वही कशी वाचायची ते मुकादमालाच कळतं. कुठला खर्च फुगवला, कुठली खर्ची दिलीच नाही, कुठे एकाच साडीचे पैसे दोनदा धरले. कोर्टाने ती वही कधी मागितली नाही. सांगलीत बायका ती उघडून बसतात, भांडतात, आकडा खाली आणतात. कधी आकडा शून्यावर येतो आणि मुलगी निघून जाते, कधी येत नाही.

गंगाबाईच्या वेळी अशी समिती असती तर ती तिच्यासमोर हजर झाली असती का, मला शंका आहे. मिर्झाने तिला येऊ दिलं नसतं. १९२३ च्या कायद्यापासून आजच्या पिटापर्यंत सगळ्यांनी गंगाबाईला पकडायची नीट सोय केली. मिर्झालाही पकडलं, कारण तो त्या रात्री घरात होता. मिर्झाला आणि त्याच्यासारख्यांना घर भाड्याने देणारे, व्याजाने पैसे देणारे घरात नव्हते. भिवंडीच्या त्या बाईच्या वहीत शेवटच्या पानावर तिचं स्वतःचं देणं लिहिलेलं होतं, दर महिना शेकडा पाचाने. ज्याचं देणं होतं, त्याचं नाव मी वाचलं होतं. आरोपपत्रात ते नव्हतं.